डॅशबोर्डला गेलेला तडा

गाडीच्या दारावर ओरखडा पडला की कारण सापडतं. शेजारची बाइक, भाजीची हातगाडी, सिग्नलला डावीकडून घुसलेली रिक्षा, कुणीतरी असतंच. डॅशबोर्डला तडा जातो तेव्हा मात्र बोट दाखवायला कुणी सापडत नाही. काही आदळलेलं नसतं, कुणी हातही लावलेला नसतो. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी पुढच्या काचेच्या बुडाशी, हवेच्या जाळीच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघते. मे संपेपर्यंत ती वीतभर होते आणि तिचे काठ वर वळायला लागतात. गाडी चालते, एसी चालतो, पासिंगलाही अडचण येत नाही. पण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची नजर दर सिग्नलला तिथेच जाते.

ही पुस्तिका त्या एका रेघेबद्दल आहे. एवढ्याशा गोष्टीवर इतकी पानं कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगायचं ते इतकंच की या रेघेवर सध्या दोनच इलाज मिळतात आणि दोन्ही टोकाचे आहेत. एक म्हणजे ‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल’ हे काउंटरवरून मिळणारं उत्तर. दुसरा म्हणजे नाक्यावरच्या दुकानातली चिमुकली ट्यूब. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात डॅशबोर्ड जातो. या दोहोंच्या मधली वाट सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारच्या सकाळी, फार हत्यारं नसलेल्या माणसालाही जमण्यासारखी आहे. ती दाखवताना या पुस्तिकेचा आग्रह एकच आहे, आणि पुढे तो कंटाळा येईपर्यंत येत राहील: आधी प्लास्टिक ओळखा, मग डिंक उचला.

हा विषय कुर्ल्यातून मांडायला जरा कारण आहे. मोटार हे यंत्र या गावानं जन्मताना पाहिलं आणि आता मोडीत निघतानाही रोज पाहतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लायमाउथ गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार झाला. मग फियाट ११०० आली, तिची डिलाइट आली, आणि १९७४ पासून तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून जी टॅक्सी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली गेली ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. कारखाना त्याच्या बराच आधी थंडावला होता. त्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीचे टॉवर उभे आहेत.

त्या जुन्या फियाटच्या डॅशबोर्डला तडा जात नसे, याचं कारण अगदी साधं आहे: तो पत्र्याचा होता. बॉडीच्याच रंगात रंगवलेला, हात लावला तर उन्हात चटका देणारा, पावसाळ्यात कडेनं गंज धरणारा. त्याला पोचा आला तर ठोकून काढायचा, गंजला तर घासून रंगवायचा. दोन्ही कामं जवळचा डेंटिंग-पेंटिंगवाला डोळे मिटून करी. आज वर्कशॉपमध्ये ज्यांचे केस पांढरे झालेत अशा मिस्त्रींचं दुरुस्तीचं सगळं शिक्षण पत्र्यावर झालेलं आहे. प्लास्टिककडे पाहण्याची त्यांची नजरही पत्र्याचीच: फट आहे ना, मग भरा. हे त्यांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा आजही सापडणार नाही. पण प्लास्टिकला पत्र्याचे नियम लागू पडत नाहीत, एवढी गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

पत्रा गेला कसा? मुख्यतः माणसांची डोकी फुटत म्हणून. अपघातात पुढच्या सीटवरचा माणूस कठीण पत्र्यावर आदळतो, हे साठच्या दशकात नीट लक्षात आलं आणि अमेरिकेनं १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या अंतर्भागाच्या आघातसुरक्षेचं मानक लागू केलं. डॅशबोर्डवर गादी आली, गादीवर व्हिनाइलची कातडी आली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गानं प्लास्टिकचा डॅशबोर्ड घरी आणला. साच्यात ओतला की हवा तो आकार, रंग अंगातच, वजन कमी, गंजाचं नाव नाही. कारखानदाराच्या दृष्टीनं हा सौदा फायद्याचा होताच, गिऱ्हाइकाच्याही होता. फक्त त्यात एक अट दडलेली होती. पत्र्याला पाण्याचं भय होतं, याला उष्णतेचं आहे. आणि मुंबईत गाडी उभी करायला सावली मिळणं ही चैन आहे.

उष्णता किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठानं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडक उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचं मोजमाप घेतलं होतं. तासाभरानंतर डॅशबोर्डचं सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस भरलं, स्टिअरिंगचं ५३ आणि सीटचं ५१. म्हणजे त्याच गाडीत, त्याच उन्हात सर्वांत जास्त भाजून निघते ती डॅशबोर्डची पाठ. ॲरिझोनाचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, हे मान्य. पण उभ्या काचेमागे काळं प्लास्टिक तापण्याची रीत तीच. अतिनील किरण डॅशबोर्ड खातात असं आपण ऐकत आलो आहोत. पुढची काच दोन थरांची असते आणि मधला पडदा त्यांतले बहुतेक अडवतो. तेव्हा खरा गुन्हेगार उष्णताच, आणि तीही नुसती नव्हे, तर रोज चढणारी-उतरणारी.

थोडं गणित केलं तर चित्र स्पष्ट होतं. मीटरभर लांबीचं साधं पॉलिप्रॉपिलीन ४० अंशांनी तापलं तर सुमारे चार मिलिमीटर वाढतं. तेवढ्याच लांबीचं पोलाद अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. आता डॅशबोर्डखाली, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, एक पोलादी नळी आडवी बसवलेली असते आणि प्लास्टिक तिला स्क्रूंनी आणि क्लिपांनी बांधलेलं असतं. दिवसा प्लास्टिक पसरू पाहतं, रात्री आकसू पाहतं, नळी जागची हलत नाही. कंपनीला हे ठाऊक असतं. म्हणून ती प्लास्टिकात टाल्क मिसळून पसरण कमी करते आणि स्क्रूची काही भोकं मुद्दाम लांबट ठेवते, प्लास्टिकला सरकायला जागा मिळावी म्हणून. पण कधीतरी म्युझिक सिस्टिम बदलली जाते, एसीची कॉइल काढण्यासाठी सगळं खोललं जातं, आणि परत बसवताना लांबट भोकात मोठ्या वॉशरचा स्क्रू करकचून आवळला जातो. त्या जागी सरकणं बंद होतं. ताण मग सर्वांत जवळच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. डॅशबोर्ड खोलल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत गेलेला तडा पाहिला की मी आधी जवळचा स्क्रू सैल करून पाहायला सांगतो. तो सैल न करता तडा भरणं म्हणजे फुकटची मेहनत.

मऊ, गादीच्या डॅशबोर्डची कथा याहून वेगळी आहे. त्याची वरची कातडी बहुधा पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं घातलेली असतात. ही द्रव्यं उष्णतेनं हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट पापुद्रा बसतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत चमकतो, त्यात त्यांचाही वाटा असतो. काच पुसताना आपण डॅशबोर्डचा मऊपणाच पुसून काढत असतो म्हणा ना. द्रव्य गेलं की कातडी आकसते, खालच्या फोमला खेचते, आणि उन्हात विसरलेल्या पापडासारखी कडेनं उचलली जाते. म्हणून इथे तडा नुसता भरून भागत नाही. वर वळलेला काठ आधी कापून काढावा लागतो, मागचा भाग खाली बसवावा लागतो. हे ज्यांनी केलेलं नसतं त्यांच्या दुरुस्तीला पुढच्या उन्हाळ्यात उंचवटा येतो.

आता कुर्ल्याच्या बाजाराकडे येऊ, कारण तडा गेला की अर्ध्या मुंबईच्या डोक्यात पहिला विचार तोच येतो. सीएसटी रोडवर, कपाडिया नगरच्या आसपास, जुन्या गाड्यांचे सुटे भाग, काचा, दिवे, सीटकव्हर, बंपर यांची दुकानं लागून लागून आहेत. मोडीत निघालेल्या गाड्यांमधून सुटे झालेले अख्खे डॅशबोर्डही मिळतात. भाव घासाघिशीवर. या बाजाराबद्दल मला आदर आहे. वस्तू फेकून न देता तिचा शेवटचा उपयोग संपेपर्यंत ती फिरती ठेवणं, हे आज ज्याला मोठमोठ्या परिषदांमध्ये नावं दिली जातात ते काम इथे कितीतरी वर्षं बिनबोभाट चाललं आहे. कंपनीनं बनवणं बंद केलेल्या मॉडेलची एखादी जाळी किंवा ग्लोव्ह बॉक्सचा खटका हवा असेल तर यासारखी जागा नाही.

पण एका तड्यासाठी अख्खा जुना डॅशबोर्ड आणू नये, हे माझं स्पष्ट मत. एक तर तोही तितकीच वर्षं उन्हात तापलेला असतो. त्याचा तडा अजून दिसायचा असतो इतकंच. दुसरं, डॅशबोर्ड बदलायचा म्हणजे स्टिअरिंग, वायरिंग, एसीच्या नळ्या, सगळं हलवायचं. एवढं करून परत बसवलेल्या डॅशबोर्डमधून खड्ड्याखड्ड्याला किरकिर ऐकू येत नाही असं क्वचितच घडतं. तिसरं कारण पाण्याचं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली आणि कुर्ला-कलिना भागात असंख्य गाड्या काचांपर्यंत बुडाल्या. तेव्हापासून दर मोठ्या पावसात थोड्याफार गाड्यांचं तेच होतं. बुडालेल्या गाडीचा डॅशबोर्ड वरून स्वच्छ दिसतो. उलटा करून पाहिला तर फोममध्ये गाळाची रेघ असते आणि लोखंडी पट्ट्यांना गंज. जुना डॅशबोर्ड घ्यायचाच असेल, म्हणजे तुमच्या गाडीचे बसवण्याचे कानच तुटले असतील, तर तो उलटा करून, नाक लावून वास घेऊनच घ्या. चौथं आणि सर्वांत गंभीर कारण एअरबॅगचं. त्याकडे पुढे येतो.

प्लास्टिक ओळखायचं कसं? बाजारात सगळ्याच प्लास्टिकला फायबर म्हणतात. बंपर फायबर, डॅशबोर्ड फायबर, बाइकचं मडगार्ड फायबर. बोलायला ते ठीक आहे, पण फायबरवर चालतो म्हणून एकच डिंक सगळीकडे लावला जातो आणि तिथे घोळ होतो. कंपन्या मात्र बहुतेक भागांच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, इंग्रजी अक्षरांत नाव उमटवून ठेवतात. दोन बाणांसारख्या खुणांच्या मध्ये पीपी, एबीएस, पीसी अधिक एबीएस, किंवा पीपी-टी२० असं काहीतरी. पीपी म्हणजे वर आलेलं पॉलिप्रॉपिलीन, आणि टी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क आहे. ग्लोव्ह बॉक्स काढला, की त्याच्या पाठीवर किंवा त्या पोकळीतून वर हात घालून टॉर्चच्या उजेडात ही अक्षरं बहुधा सापडतात. काही जण तुकडा पाण्यात टाकून पाहायला सांगतात: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. शुद्ध पीपीच्या बाबतीत हे खरंच आहे. पण टाल्क भरपूर मिसळलेलं पीपीही बुडतं, तेव्हा या कसोटीवर विसंबू नका. अक्षरं वाचा.

अक्षरांवर एवढा भर का, तर पीपी हे डिंकाला जवळपास नकार देणारं प्लास्टिक आहे. त्याच्या पृष्ठभागावर पातळ द्रव पसरतच नाही, थेंब होऊन बसतो. मग डिंक धरणार कशाला? साध्या गाड्यांचे कडक डॅशबोर्ड बहुतेक पीपीचेच असतात. म्हणजे ज्या ठिकाणी लोक सर्वांत जास्त डिंक ओततात, नेमक्या त्याच ठिकाणी तो सर्वांत कमी टिकतो. पीपीला एक तर त्यासाठीचा खास प्रायमर हवा किंवा सरळ वेल्डिंग. पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, सोल्डरिंगच्या गनला ते सहज जमतं. मागच्या बाजूनं तड्यावर व्हीच्या आकाराची खाच पाडायची, तिच्यात त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवत भरायची, आणि वर स्टीलची बारीक जाळी गरम करून आत दाबायची. फुटलेले बंपर सांधणारे कारागीर हेच करतात. त्यांच्या शेजारी अर्धा तास उभं राहिलात तर पुस्तिकेच्या एका प्रकरणाचं काम होईल. मात्र पीव्हीसीच्या मऊ कातडीला सोल्डरिंग गन कधीही लावू नका. तापलेल्या पीव्हीसीतून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू घसा आणि फुप्फुसं दोन्ही जाळतो. पीपी वितळवतानाही दारं उघडी आणि तोंडावर मास्क हवाच.

एबीएस त्या मानानं सुस्वभावी. ते ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याच प्लास्टिकचा कीस ॲसिटोनमध्ये घोळून घट्ट खळ करता येते आणि ती फटीत भरली की ॲसिटोन उडून गेल्यावर दोन काठ खरोखर एकजीव होतात. हीच खळ पीपीवर लावली तर वाळून पापुद्र्यासारखी सुटून येईल. अरल्डाइट घासून खरखरीत केलेल्या एबीएसवर छान बसतं, पीपीवर सोलून निघतं. एम-सील दगडासारखं घट्ट होतं, पण रोज चार मिलिमीटर हलू पाहणाऱ्या वस्तूला दगड जोडून काय उपयोग? आणि फेव्हिक्विक. त्याची चूक काहीच नाही, ते ज्या कामासाठी आहे त्यात त्याला तोड नाही. पण त्याचा सांधा वाळल्यावर लवत नाही. त्यामुळे पुढचा तडा सांध्याला समांतर, बोटभर अंतरावर जातो. शिवाय त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी पूड होऊन बसते, दमट हवेत तर जास्तच, आणि ती काढता काढता जीव जातो. तुटलेली क्लिप तात्पुरती धरून ठेवायला ते वापरा, डॅशबोर्डच्या पाठीवर नको.

पद्धतीचा सगळा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. इथे फक्त क्रमामागचं कारण सांगतो, कारण लोक क्रम चुकवतात. पहिलं काम तडा थांबवण्याचं. त्याचं टोक जिथे संपतं तिथे दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं. टोक नीट दिसत नसेल तर टाल्कम पावडर चोळून पुसून घ्यायची, रेघ पांढरी उमटते. ताण नेहमी अणकुचीदार टोकाशी साचतो; टोक गोल केलं की तो विखुरतो. जहाजांच्या आणि विमानांच्या पत्र्यातही तडा रोखायला हीच युक्ती वापरतात. रिक्षात स्पीकर बसवायला करवतीनं चौकोनी भोक कापलेलं असतं आणि त्याच्याच चारही कोपऱ्यांतून तडे निघालेले असतात, ते याच नियमानं. तिथे कोपरे आधीच गोल घासले असते तर पुढचं काही करावंच लागलं नसतं.

दुसरं काम स्वच्छतेचं, आणि इथे वर्षानुवर्षं मारलेलं चकाकीचं पॉलिश आडवं येतं. त्यात सिलिकॉन असतं. सिलिकॉन बसलेल्या जागी फिलर धरत नाही आणि रंग मारला तर त्यात गोल गोल खड्डे पडतात. साबणाच्या पाण्यानं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा. थिनर नको, तो एबीएसला खातो. मग काठांची काटछाट आणि लवणारा फिलर. व्हिनाइलसाठीचा किंवा दोन भागांचा युरेथेनचा चालेल, पण एकदम ओतायचा नाही, पातळ थरांनी चढवायचा, प्रत्येक थर वाळू द्यायचा. घासणं १८० नंबरच्या कागदापासून सुरू करून ३२० वर संपवायचं. त्यानंतर पोत. डॅशबोर्डवरचे चामड्यासारखे बारीक कण नसले तर दुरुस्ती दहा फुटांवरून दिसते. यासाठी बाजारातला तयार ठसा शोधत बसू नका. ग्लोव्ह बॉक्सच्या आड डॅशबोर्डचा जो भाग कधी उन्हात गेलेला नाही तिथे सिलिकॉन रबर लावून ठसा घ्या. तुमच्या गाडीचा पोत तुमच्याच गाडीत आहे. तो रबर नंतर नीट पुसायला विसरू नका, नाहीतर वर सांगितलेले खड्डे परत येतील. शेवटी रंग, तोही फवाऱ्याच्या हलक्या हातांनी.

इतकं करूनही रेघ थोडी दिसली तर दिसू द्या. चकचकीत, नव्यासारख्या दुरुस्तीचा हट्ट धरणारे मी पाहिले आहेत. ते चौथ्यांदा घासतात आणि तेवढ्यात बाजूचा चांगला पोतही जातो. डॅशबोर्ड तसाही मंद, बिनचमकीचाच असावा. चमकणारा डॅशबोर्ड दुपारी पुढच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पाडतो आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. ज्यांना ही सगळी खटपट नको त्यांच्यासाठी मापाचं कापडी आवरण हा प्रामाणिक पर्याय आहे. फक्त पावसाळ्यात ते अधूनमधून उचलून खाली वारा लागू द्या, बुरशी तिथेच धरते. आणि दुरुस्ती पावसाळ्यात काढू नका. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत रंग वाळताना पांढुरका पडतो. दिवाळी ते फेब्रुवारी हा या कामाचा हंगाम.

आता एअरबॅग. या पुस्तिकेतलं बाकी सगळं चुकलं तर एक रविवार फुकट जाईल. हे चुकलं तर माणूस जाईल. भारतात चालकाच्या बाजूची एअरबॅग जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना आणि जानेवारी २०२२ पासून चालू मॉडेलांनाही. शेजारची ही एअरबॅग डॅशबोर्डच्या आत, त्याच्या पाठीखालीच असते. तिच्या वरच्या आवरणाला आतून मुद्दाम कमकुवत केलेली रेघ असते, आणि ठिणगी पडली की साधारण तीस मिलिसेकंदांत, पापणी लवायच्या आत, बॅग तीच रेघ फाडून बाहेर येते. तिथे फिलर भरला, जाळी वेल्ड केली, जाड रंग चढवला किंवा वरून चिकटणारं आवरण घट्ट बसवलं, तर बॅग उशिरा उघडेल, वाकडी उघडेल किंवा घट्ट झालेला तुकडा गोळीसारखा तोंडावर येईल. म्हणून शेजारच्या सीटसमोर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं असतील तर त्या झाकणाला आणि त्याच्या आसपासच्या भागाला गेलेला तडा घरी दुरुस्त करायचा नाही. तिथे ‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल’ हे उत्तर बरोबर आहे, महाग असलं तरी. जुना डॅशबोर्ड घेतानाही भीती हीच असते. एकदा एअरबॅग उडून फाटलेला डॅशबोर्ड सांधून, पोत देऊन, रंगवून इतका सुबक करता येतो की वरून कळत नाही. उलटा करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, असं वर म्हटलं ते यासाठीही.

याच जागी आपल्याकडे गणपती बसतो, कुठे स्वामी समर्थ, कुठे छत्रपती, कुठे मक्केचं चित्र असलेली फ्रेम. श्रद्धेला माझी ना नाही. पण मूर्ती दुहेरी टेपनं एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली असेल तर अपघातात ती तीस मिलिसेकंदांत मागच्या माणसाकडे येते. तिला मध्यभागी, मीटरच्या बाजूला घ्या. टेप ओढून उपटू नका. तापलेल्या जुन्या व्हिनाइलची सालच तिच्यासोबत येते आणि नवा तडा तिथून सुरू होतो. केस वाळवण्याच्या ड्रायरनं टेप कोमट करा, मग दोऱ्यानं कापत काढा. आणि उदबत्ती गाडीबाहेर.

तडा पडूच नये म्हणून काय करावं, यावरचं प्रकरण सर्वांत लहान आहे. गाडी उभी करताना पुढच्या काचेत चंदेरी पडदा लावा, शक्य असेल तर गाडीचं तोंड पश्चिमेकडे ठेवू नका, काचा बोटभर उघड्या ठेवायची सोय असेल तर ठेवा, आणि चकाकीच्या पॉलिशचे पैसे वाचवा. बाकी सगळं याच चार गोष्टींची लांबण आहे.

ज्यांच्या गाडीला पंधरा वर्षं होत आलीत त्यांना ही पुस्तिका सर्वांत जास्त उपयोगी पडेल. खासगी गाडीची नोंदणी तेव्हा संपते, आणि २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे. गाडी ठेवायची की मोडीत काढायची हा निर्णय इंजिन, चेसिस आणि ब्रेक पाहून घ्या. डॅशबोर्डच्या तड्यावरून घेऊ नका.

पुढचं पान उलटण्याआधी खाली जाऊन गाडीचा ग्लोव्ह बॉक्स काढा, टॉर्च लावा आणि आत उमटवलेली अक्षरं कागदावर लिहून आणा. पीपी असेल तर दुसऱ्या प्रकरणापासून वाचा, एबीएस असेल तर तिसऱ्यापासून, मऊ कातडी असेल तर चौथ्यापासून. तडा एअरबॅगच्या झाकणावर असेल तर पुस्तिका मिटा आणि गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये न्या.